मी जामीन राहतो

कर्जाच्या अर्जात एक रकाना असतो, जामीनदाराचा. अर्जदार कितीही सज्जन असला, त्याची कागदपत्रे कितीही चोख असली, तरी त्या रकान्यात दुसऱ्या कुणाचे तरी नाव आणि सही लागते. तीसहून अधिक वर्षे बँकेत काढल्यावर मला त्या रकान्याविषयी एक वेगळाच आदर वाटू लागला आहे. कर्ज बुडाले तर आपल्याच खिशाला चाट बसणार हे ठाऊक असूनही माणूस दुसऱ्यासाठी सही करतो, ही काही लहान गोष्ट नव्हे. संगीताच्या बाबतीत मात्र आपण असे जामीन राहायला फारसे राजी नसतो. ‘बरे आहे, ऐकून बघा’ एवढे पुटपुटून मोकळे होतो. आज मला काही ध्वनिमुद्रिकांसाठी रीतसर सही करायची आहे. त्या ज्या संगीतातल्या आहेत त्याचे नाव वाचून काही वाचक पान उलटतील, याची मला कल्पना आहे. त्या संगीताचे नाव डेथ मेटल.

साठी उलटलेल्या, निवृत्त, कादंबऱ्या लिहिणाऱ्या आणि कर्जत लोकलच्या शेलू स्थानकाजवळ राहणाऱ्या मराठी माणसाने काय ऐकावे, याचे काही संकेत ठरलेले आहेत. त्याने भीमसेन ऐकावेत, कुमार ऐकावेत, नाट्यगीते ऐकावीत, फार तर जुन्या हिंदी चित्रपटांतली गाणी गुणगुणावीत. ते सारे मी ऐकतोच. पण १९९० नंतरच्या दोन-चार वर्षांत आमच्या शाखेत प्रोबेशनवर आलेल्या एका तरुण अधिकाऱ्याने मला एक कॅसेट दिली होती. नकलेची नक्कल असलेली, वर बॉलपेनने नाव लिहिलेली. ती ऐकून मी हादरलो, आणि आठवडाभराने त्याच्याकडे दुसरी मागितली. तेव्हापासून हे वेड आहे ते आहे. दादरहून शेलूपर्यंतच्या प्रवासात दोन अल्बम सहज होतात. कल्याणला गाडीत बसलो तर एक. डब्यातल्या मंडळींना वाटते, म्हातारा डोळे मिटून नामस्मरण करतो आहे.

ज्यांना हे प्रकरण अजिबात ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडी तोंडओळख. या संगीतात गिटारच्या तारा नेहमीपेक्षा सैल सोडून स्वर खाली उतरवलेला असतो, त्यामुळे आवाजाला एक जडपणा येतो. ड्रम वाजवणारा दोन्ही पायांनी दोन पेडल चालवतो आणि वेग असा की एकेक ठोका वेगळा मोजता येऊ नये. गाणारा गात नाही, गुरगुरतो. खऱ्या स्वरतंतूंच्या वर जे मांसल पडदे असतात त्यांच्या कंपनातून हा आवाज काढतात. तो नुसताच आरडाओरडा असता, तर तासभर कार्यक्रम करणाऱ्याचा घसा दुसऱ्या दिवशी बसला असता. त्यालाही रियाज लागतो आणि शिस्त लागते.

१९८५ साली सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या ‘पझेस्ड’ या गटाचा ‘सेव्हन चर्चेस’ हा अल्बम आला. १९८७ साली फ्लोरिडातल्या ‘डेथ’ या गटाचा ‘स्क्रीम ब्लडी गोर’ आला. पुढच्या चार-पाच वर्षांत अमेरिकेतले टँपा आणि स्वीडनमधले स्टॉकहोम या गावांची दोन घराणीच तयार झाली म्हणा ना. टँपाला मॉरिसाउंड स्टुडिओ होता आणि तिथे स्कॉट बर्न्स हा ध्वनिमुद्रक होता. स्टॉकहोमला सनलाइट स्टुडिओ होता आणि तिथे टोमास स्कोग्सबेर्ग होता. स्टॉकहोमच्या पोरांनी बॉस कंपनीच्या एचएम-२ नावाच्या पेडलची सगळी बटणे शेवटपर्यंत फिरवून ठेवली. त्यातून लाकूड कापणाऱ्या करवतीसारखा जो आवाज निघाला, तो त्या घराण्याची खूण ठरला. आपला श्रोता जसा ग्वाल्हेर कोणते आणि किराणा कोणते हे पहिल्या आलापात सांगतो, तसा मुरलेला मेटलवाला दोन मिनिटांत टँपा की स्टॉकहोम हे सांगतो.

हे संगीत जगभर पसरले ते टपालाने. रेडिओवर ते लागत नसे आणि दुकानदार ते ठेवत नसत. मग ऑस्लोचा मुलगा फ्लोरिडाच्या मुलाला कॅसेट पाठवी, तो ती ब्राझीलला पाठवी. पैसे कुणाकडेच नसत. म्हणून तिकिटांवर साबणाचा किंवा गोंदाचा पातळ हात फिरवायचा, म्हणजे शिक्का त्या थरावर बसतो. पलीकडच्याने तिकीट धुऊन परत पाठवायचे आणि तेच पुन्हा चिकटवायचे. टपालखात्याच्या दृष्टीने ही शुद्ध लबाडी. पण त्या पाकिटात कॅसेटबरोबर एक चिठ्ठी असे. हा गट कोण, यातले कोणते गाणे आधी ऐक, मला ते का आवडले. त्या चिठ्ठीखाली नाव-पत्ता असे. जामिनाचा रकाना भरलेला असे. सांगायचे आहे ते इतकेच, की कॅसेट गेल्या याचे मला दुःख नाही, ती चिठ्ठी गेली याचे आहे.

आज सगळे संगीत खिशातल्या फोनवर आले आहे. १९९३ साली फिनलंडमध्ये निघालेली कॅसेट आज शेलूच्या फलाटावर उभे राहून ऐकता येते. आणि तरीही आमच्या मेटलच्या मंडळींत बसावे तर तीच पाच-सात नावे. डेथ, मॉर्बिड एंजल, कॅनिबल कॉर्प्स, ओबिच्युअरी, डिसाइड. मोठे लोक आहेत, वाद नाही. पण प्रवाहाबाहेरचे म्हणून मिरवणाऱ्यांनी आपलाच एक प्रवाह तयार करावा आणि त्याच्या काठावरून हलू नये, हा विनोद आहे. बाकीच्यांची नावे सगळ्यांना तोंडपाठ असतात. यादीत असतात, टी-शर्टवरसुद्धा असतात. ऐकलेले कुणीच नसते.

बँकेत दोन वर्षे खातेदाराने एकही व्यवहार केला नाही, की खाते निष्क्रिय ठरते. दहा वर्षे कुणी विचारलेच नाही, तर त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीकडे जाते. ही योजना २०१४ सालची. पैसे बुडत नाहीत, वारस आला तर मिळतात. पण वारस यावा लागतो. आज हजारो अल्बम असे निष्क्रिय खात्यांसारखे पडून आहेत. ते उपलब्ध आहेत म्हणून जिवंत आहेत, अशी आपण स्वतःची समजूत घालून घेतो. तेव्हा वारसदारांनो, ही माझी यादी. प्रत्येक अल्बम मी पहिल्यापासून शेवटपर्यंत, अनेकदा ऐकलेला आहे.

पहिला ‘नेस्पिथे’. फिनलंडमधल्या कुओपिओ गावच्या ‘डेमिलिच’ या गटाचा, १९९३ सालचा. जाणकार लगेच म्हणतील, डेमिलिच कुठे दुर्लक्षित? नाव दुर्लक्षित नाही, मान्य. पण सबंध अल्बम ऐकलेले हात वर करा म्हटले, तर किती वर येतील? गायक अँटी बोमन याचा आवाज इतका खालचा आहे, की विहिरीच्या तळातून कुणी ढेकर देत आहे असे वाटते. आवाजावर यंत्राची कुठलीही प्रक्रिया केलेली नाही, असे अल्बमवरच सांगावे लागले. गाण्यांची नावे एवढी लांबलचक आहेत, की एखाद्याला वाटावे सरकारी परिपत्रकाचा विषय वाचतो आहोत. पहिल्यांदा हसू येते. तिसऱ्यांदा ऐकताना लक्षात येते, की गिटारची वळणे सरळ चार मात्रांत बसत नाहीत, कुठेतरी अर्धी मात्रा चोरतात आणि पुढे भरून देतात. तिहाईवर दाद देणाऱ्या कानांना यात मजा येईल. एवढे करून गटाने स्टुडिओतला हा एकच अल्बम काढला.

दुसरा त्याच देशातला आणि त्याच वर्षीचा, ‘मुस्ता सेरेमोनिया’, म्हणजे काळा विधी. गटाचे नाव ‘रिप्पिकोउलू’. ल्यूथरपंथी मुलांना धर्मदीक्षेआधी ज्या वर्गात बसावे लागते त्याला फिनिश भाषेत रिप्पिकोउलू म्हणतात. ही मुळात डेमो कॅसेट, म्हणजे कंपन्यांना दाखवण्यासाठी केलेला नमुना. सबंध गायन फिनिश भाषेत आहे. एक अक्षर कळत नाही, आणि तरी ऐकणाऱ्याला कळते की हा मुलगा स्वतःच्या भाषेत ओरडतो आहे. आपल्याकडच्या बहुतेक गटांनी इंग्रजी निवडली. त्यामागचा व्यवहार मला समजतो. पण ‘ळ’, ‘ढ’ आणि ‘ख’ ही अक्षरे या गुरगुराटासाठीच घडवल्यासारखी आहेत, हे एखाद्या मराठी मुलाने मनावर घ्यावे.

तिसरा मेलबर्नच्या ‘डिसएम्बॉवेलमेंट’चा ‘ट्रान्सेन्डन्स इन्टू द पेरिफेरल’. हाही १९९३चाच. नाव भयंकर आहे, घरच्यांसमोर उच्चारू नये. संगीत मात्र बरेचसे संथ आहे. एकेक स्वर टाकून तो पुरता विझेपर्यंत थांबणारे, मध्येच अंगावर धावून येणारे आणि पुन्हा थांबणारे. सुमारे तासाभराचा ऐवज आहे. घाईत ऐकू नये. विलंबित ख्यालाला बसतो तसे बसावे.

चौथा फ्लोरिडाच्या ‘एथीइस्ट’चा ‘अनक्वेश्चनेबल प्रेझेन्स’, १९९१चा. यामागे एक मृत्यू आहे, आणि तो खरा आहे. या गटाचा बास गिटार वाजवणारा रॉजर पॅटरसन फेब्रुवारी १९९१ मध्ये दौऱ्यावरून परतताना रस्त्यावरच्या अपघातात गेला. रचना त्याच्या हयातीत आकाराला आल्या होत्या. त्या टोनी चॉय याने वाजवल्या आणि अल्बम पुरा केला. अर्ध्या तासाहून थोडासा मोठा अल्बम आहे. जॅझच्या अंगाने जाणारा, सतत दिशा बदलणारा. मित्राने अर्धवट सोडलेले वाक्य दुसऱ्याने पुरे करावे, तसे ते काम आहे. कल्याण ते शेलू एवढ्या अंतरात बरोबर बसतो.

पाचवा कॅनडातल्या क्विबेक प्रांतातल्या ‘गोरगट्स’चा. यांचा १९९८ चा ‘ऑब्स्क्युरा’ एवढा गाजला, की त्याच्या सावलीत २००१ चा ‘फ्रॉम विजडम टू हेट’ झाकला गेला. मी सही करतो ती या दुसऱ्यासाठी. ‘ऑब्स्क्युरा’ने जी मोडतोड केली, तिच्यातून या अल्बममध्ये घर उभे राहते. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, ड्रम वाजवणारा स्टीव्ह मॅकडोनाल्ड वारला आणि गट थांबला. गायक-गिटारवादक लुक लमे लाकूडकामाकडे वळला. २०१३ साली तो नवे साथीदार घेऊन परतला, तो तिबेटवर बेतलेला ‘कलर्ड सँड्स’ घेऊन. त्यात मध्येच केवळ तंतुवाद्यांची एक रचना आहे. १९५० साली चिनी फौजा तिबेटी सैन्याला जिथे भिडल्या त्या चामडोच्या लढाईचे नाव तिला दिले आहे. ज्या संगीताला लोक नुसता गोंगाट म्हणतात, त्यातले हे एक उदाहरण.

सहावा आपल्या जवळचा, पण सिंगापूरमार्गे आलेला. ‘रुद्र’ हा तिथला गट १९९२ पासूनचा. २००५ सालचा त्यांचा ‘ब्रह्मविद्या : प्रायमॉर्डियल आय’ हा तीन अल्बमांच्या मालिकेतला पहिला, पुढचे दोन २००९ आणि २०११ साली आले. उपनिषदे आणि अद्वैत हा विषय, जागोजागी संस्कृत आणि साथीला हे संगीत. देवघरातल्या शांततेतच वेदान्त उमगतो असे मानणाऱ्यांना हे रुचणार नाही. पण ‘मी’ नावाची वस्तू फोडून आत काय आहे ते पाहायचे, तर हातोडा लागतोच की.

आता घरचे. साहिल मखिजा या मुंबईच्या मुलाने २००० साली ‘डीमॉनिक रिझरेक्शन’ हा गट काढला. २०१० साली ब्रिटनच्या ‘मेटल हॅमर’ मासिकाचा एक पुरस्कार या गटाला मिळाला, तेव्हा चार दिवस कौतुक झाले. हाच मखिजा ‘हेडबँगर्स किचन’ या नावाने स्वयंपाकाचा कार्यक्रमही करतो, आणि त्याच्या पाककृती ठाऊक असलेल्या अनेकांना त्याचे संगीत ठाऊक नसते. गटाचा २०१७ सालचा ‘दशावतार’ ऐका. मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवताराला एक अशी दहा गाणी आहेत. आमच्या कोकणपट्टीत शंकासुर मांडवात शिरला की आईच्या पदरामागे लपणारी माझी पिढी. नरसिंह म्हणजे खांब फोडून बाहेर आलेली भीती असते, हे आम्हाला कुणी शिकवावे लागत नाही. कॅलेंडरवरचा नरसिंह सौम्य होत गेला. इथला नाही.

त्याच शहरातला दुसरा गट ‘भयानक मौत’. नाव रामसे बंधूंच्या चित्रपटाचे शोभावे असे आहे, आणि मला वाटते ते हसतहसतच ठेवले असावे. यांचा २०१४ चा ‘मॅन’ हा अल्बम मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गर्दीच्या शहरात वाढलेल्या, कोपराला कोपर लागून जगणाऱ्या माणसाची चीड मला त्यात ऐकू येते. सकाळी सव्वाआठच्या गाडीला लोंबकळणाऱ्याला ती अनोळखी वाटणार नाही. ‘गटस्लिट’ हा तिसरा मुंबईकर गट युरोपचे दौरे करून आला आहे, आणि त्यांच्या २०१७ च्या ‘अँप्युथिएटर’चे वादन अस्सल आहे. शिवाय मुंबईत बसून कुणाल चोक्सी ‘ट्रान्सेन्डिंग ऑब्स्क्युरिटी’ ही ध्वनिमुद्रण कंपनी चालवतात आणि देशोदेशीच्या अपरिचित गटांचे अल्बम जगभरच्या श्रोत्यांपर्यंत पोचवतात. ही बाब आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. युरोपातल्या डेथ मेटलच्या श्रोत्याला मुंबईचा पत्ता पाठ असतो आणि बदलापूरच्या श्रोत्याला नसतो.

जामीनदाराने सही करताना कुठे सही करत नाही हेही सांगावे लागते. या संगीताच्या एका मोठ्या भागात शब्द निव्वळ चिरफाडीचे असतात, आणि चिरफाड बहुधा बाईच्या देहाची असते. ‘कॅनिबल कॉर्प्स’ची पहिल्या तीन अल्बममधली गाणी मंचावर वाजवायला जर्मनीत २००६ पर्यंत बंदी होती. बंदीने काही साधते असे मला वाटत नाही. पण ‘शब्द कुठे कळतात, आम्ही तर संगीत ऐकतो’ ही पळवाटही मला पटत नाही. शब्द छापलेले असतात आणि आपल्याला वाचता येते. भयाला आणि किळसेला कलेत जागा आहे. भरतमुनींनी आठ रस सांगितले त्यांत भयानक आणि बीभत्स हे दोन आहेत, आणि बीभत्साचा स्थायीभावच जुगुप्सा आहे. नाथांच्या भारुडात भूत येते. तुकोबांनी आपल्याच मरणाकडे डोळे उघडे ठेवून पाहिले. मर्ढेकरांच्या कवितेतल्या मेलेल्या उंदरांनी एकेकाळी सभ्य वाचकांना शहारे आणले, आणि धारपांच्या कथा आपण रात्री दिवा लावून वाचल्या. या सगळ्यांत भीती काहीतरी दाखवते. नुसती हौस म्हणून केलेली क्रूरता काहीच दाखवत नाही. तिथे मी सही करत नाही, आणि तरुण मित्रांनीही ती डोळे झाकून करू नये.

मरणाचाच विषय निघाला म्हणून सांगतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्या शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पोटाशी असलेल्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. त्या दिवसांत आमच्या इमारतीतल्या एका मुलाने मला जिन्यात विचारले, “काका, एवढं सगळं झालंय आणि तुम्ही अजून तसलंच ऐकता?” प्रश्न रास्त होता. त्या वाडीतल्या माणसांच्या दुःखावर माझा कसलाही हक्क नाही, आणि कुठल्याही संगीताने त्यांचे काही परत येणार नव्हते. पण टीव्हीवर त्या दृश्यांखाली जे गोड, करुण सूर वाजवत होते, ते मला ऐकवेनात. त्या सुरांत मरण स्वच्छ आणि सुबक करून दिलेले होते. चिखलाखाली गाडलेली माणसे त्या सुरांत कुठेच नव्हती. मी त्या आठवड्यात मेलबर्नचा तो संथ अल्बम ऐकला. तो सांत्वन करत नाही. सगळे ठीक होईल असे म्हणत नाही. मरण जड आहे आणि आपण त्याच्यापुढे उभे आहोत, इतकेच तो सांगतो. मी त्या मुलाला एवढेच म्हणालो, “खोटं बोलत नाही रे ते, म्हणून ऐकतो.” त्याला पटले की नाही ठाऊक नाही.

म्हणूनच या संगीताची आबाळ मला लागते. मुंबईत धोबीतलावला झेवियर्स कॉलेजच्या शेजारी रंगभवन होते. १९७८ साली जॅझ यात्रा तिथे सुरू झाली. १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ तिथे भरू लागले, आणि मुंबईच्या अनेक मुलांनी असल्या संगीताचा पहिला प्रत्यक्ष धक्का तिथल्या दगडी पायऱ्यांवर खाल्ला. जागा शांतता क्षेत्रात येते म्हणून २००३ च्या सुमारास तिथले कार्यक्रम थांबले. रुग्णालयाजवळ शांतता हवी याबद्दल दुमत नाही. पण त्या मुलांनी जायचे कुठे, हे कुणी सांगितले नाही. आमच्या भागात हळदीच्या रात्री डीजेच्या भिंतींनी खिडक्यांची तावदाने थरथरतात, ते मात्र आपण आनंद म्हणून सोसतो. काळा घोड्याचे ‘ऱ्हिदम हाउस’ २०१६ साली बंद झाले. २००५ च्या आगेमागे जगभरचे छोटे गट आपली गाणी ‘मायस्पेस’ या संकेतस्थळावर ठेवत. २०१५ पर्यंत तिथे चढवलेले संगीत यंत्रे बदलताना नष्ट झाल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. काही कोटी गाणी गेली. ज्यांची दुसरी प्रत नव्हती, ती कायमची गेली.

जागा, दुकान आणि साठा असा तिन्ही ठिकाणी वांधा झाला, की उरतो तो श्रोता. तेव्हा सहश्रोत्यांनो, चार साधी कामे करा. महिन्याला एक अपरिचित अल्बम घ्या आणि तो सबंध ऐका, तुकडे नकोत. आवडला तर पैसे मोजून विकत घ्या. बँडकॅम्पसारख्या ठिकाणी लहान गटांना त्यातून खरोखर काही मिळते. घेतलेले उतरवून स्वतःपाशी ठेवा, कारण दुसऱ्याच्या यंत्रावर ठेवलेले आपले नसते. आणि दुसऱ्याला पाठवताना सोबत चार ओळी लिहा. काय ऐकावे, का ऐकावे, आणि खाली स्वतःचे नाव.

शेवटची विनंती श्रोत्यांना नाही, त्यांच्या आईवडिलांना आहे. हे पान वाचणाऱ्यांत ते बरेच असतील. डोंबिवलीत, ठाण्यात, पुण्यात, इथे कर्जत-नेरळकडे कितीतरी घरांच्या माळ्यावर एखादे खोके आहे. मुलगा आता बंगळुरूला आहे किंवा न्यू जर्सीला आहे. खोक्यात हाताने नावे लिहिलेल्या कॅसेट आहेत, घरी छापलेल्या सीडी आहेत, कॉलेजात असताना त्याने आणि त्याच्या मित्रांनी गॅरेजमध्ये केलेले ध्वनिमुद्रणही असेल. त्या वेळी तुम्ही दार लावून घेत होता, आणि ते साहजिकच होते. पण ते खोके भंगारवाल्याला देऊ नका. आमच्याकडच्या पावसात चुंबकीय फितीला बुरशी धरते आणि एकदा ती धरली की आवाज परत मिळणे अवघड होते. या पावसाळ्याआधी ते खाली काढा, उन्हात नव्हे तर सावलीत मोकळ्या हवेवर ठेवा, आणि मुलाला फोन करून विचारा की यात काय काय आहे. तो आधी चकित होईल. मग बराच वेळ बोलेल.